उष्णकटिबंधातील हमिंगबर्ड: छायाचित्रण आणि अभ्यास यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इक्वाडोर किंवा कोस्टा रिकाला निघालेल्या पक्षिप्रेमींकडून, तसेच अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि सुटीत दक्षिणेकडे जाणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एखादा मुद्दा दोन प्रश्नांत येत असेल, तर तो एकाच ठिकाणी सविस्तर मांडून दुसरीकडे फक्त क्रमांक दिला आहे. छायाचित्रण आणि अभ्यास यांचे वेगळे विभाग केलेले नाहीत, कारण या पक्ष्याच्या बाबतीत ते वेगळे काढता येत नाहीत, असे माझे मत आहे.

१. आमच्या बागेत जास्वंदीवर हमिंगबर्ड आला होता. महाराष्ट्रात हमिंगबर्ड दिसतो का?

नाही. हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत, अलास्कापासून दक्षिण टोकाच्या तिएर्रा देल फ्वेगोपर्यंत आढळतात. तुमच्या जास्वंदीवर आलेला पक्षी बहुतेक वेळा शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी असतो. तो फुलासमोर क्षणभर फडफडत थांबतो खरा, पण शक्य असेल तेथे देठावर बसूनच मकरंद पितो. संध्याकाळी फुलांवर तरंगताना दिसलेला जीव आणखी लहान असेल आणि त्याला मिशा दिसत असतील, तर तो हॉक मॉथ हा पतंग आहे. समाजमाध्यमांवर "कोकणात हमिंगबर्ड" म्हणून फिरणाऱ्या चित्रफिती प्रायः याच पतंगाच्या असतात. शिंजीर आणि हमिंगबर्ड यांचे जवळचे नाते नाही. मकरंदावर जगण्याच्या एकसारख्या कामामुळे त्यांच्यात साम्य आले आहे. मात्र हमिंगबर्डचे पूर्वज जुन्या जगातही होते. जर्मनीत सापडलेले सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पक्षिशास्त्रज्ञांनाही त्याचे आश्चर्य वाटले होते.

२. पहिल्यांदाच जायचे आहे. कोणता देश निवडावा?

केवळ हमिंगबर्डसाठी जायचे असेल, तर इक्वाडोर. महाराष्ट्रापेक्षा लहान असलेल्या या देशात १३० च्या आसपास जाती आहेत आणि राजधानी कीटोपासून मिंदो हे गाव सुमारे दोन तासांवर आहे. कुटुंब बरोबर असेल आणि पक्ष्यांखेरीज समुद्रकिनारा, ज्वालामुखी वगैरेही पाहायचे असेल, तर कोस्टा रिका अधिक सोयीचा. तेथे ५० च्या आसपास जाती आहेत आणि ला सेल्वा, मोंतेवेर्दे, तालामांका डोंगररांग ही ठिकाणे अभ्यासकांच्या दृष्टीने जुनी आणि माहितीची आहेत.

कोठेही गेलात तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अँडीजच्या उतारावर उंची बदलली की जाती बदलतात. मिंदो साधारण १,२५० मीटरवर आहे, तांदायापा खोऱ्यातील मेघवने (ढगांत वेढलेली डोंगरी जंगले) त्याहून वर, आणि कीटोजवळचे यानाकोचा राखीव क्षेत्र साधारण ३,५०० मीटरवर. मिंदोला दिसणारा व्हाइट-नेक्ड जॅकोबिन यानाकोचाला दिसणार नाही, आणि यानाकोचाचा सोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड, ज्याची चोच शेपूट सोडल्यास उरलेल्या शरीराहून लांब असते, तो मिंदोला उतरणार नाही. त्यामुळे दहा ठिकाणी धावण्यापेक्षा वेगवेगळ्या उंचीवरची तीन ठिकाणे निवडून प्रत्येक ठिकाणी काही दिवस मुक्काम करणे केव्हाही चांगले.

३. कोणता महिना आणि दिवसातील कोणती वेळ चांगली?

बहुतेक जाती वर्षभर तेथेच राहतात, त्यामुळे "मोसम चुकला" असे सहसा होत नाही. कोस्टा रिकात डिसेंबर ते एप्रिल, तर मिंदोच्या बाजूला जून ते सप्टेंबर हा काळ तुलनेने कोरडा असतो. काही जाती फुलांच्या मागे डोंगर चढतात-उतरतात. त्यामुळे मागच्या वर्षी एखाद्याला जी जात भरपूर दिसली ती तुम्हाला त्याच ठिकाणी मिळेलच असे नाही. वेळ म्हणाल तर पहाटेनंतरचे पहिले दोन तास. रात्रभराचा उपास सोडायला पक्षी आतुर असतात आणि फुलांत मकरंदही साचलेला असतो. मेघवनात दुपारी ढग उतरले की उजेड एकदम कमी होतो, पण तो मऊ उजेड मला कडक उन्हापेक्षा अधिक आवडतो.

४. भारतातून निघताना कोणती तयारी करावी?

पीतज्वराची लस पहिली. इक्वाडोर, कोलंबिया, पेरू यांसारख्या देशांतून भारतात परतताना या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. प्रमाणपत्र नसल्यास विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. ही लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते, म्हणून निघायच्या आठवड्यात धावपळ करू नये. इक्वाडोरहून पुढे कोस्टा रिकाला जायचे असेल, तर हेच प्रमाणपत्र तेथेही लागते.

महागडे कॅमेरे आणि लेन्स बरोबर असतील, तर जाताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना त्यांवर शुल्क भरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच ठेवाव्या लागतात. कोकणातल्या पावसाळ्यात ज्यांच्या लेन्सला बुरशी लागली आहे त्यांना मेघवनाची दमट हवा समजावून सांगायला नको. सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा बरोबर असू द्यावा. कीटो २,८५० मीटरवर आहे, तेव्हा उतरल्याच्या दिवशीच यानाकोचाला जाण्याचा हट्ट धरू नये.

५. कोणती लेन्स घ्यावी? फार मोठी लागते का?

फार मोठी लागत नाही. पक्षी दोन-तीन मीटरवर येतो, त्यामुळे ६०० मिमी लेन्सचा अनेकदा अडथळाच होतो, कारण ती इतक्या जवळ फोकस करू शकत नाही. १००-४०० मिमी झूम किंवा ३०० मिमी लेन्स पुरते. विकत घेताना किमान फोकस अंतर किती आहे तेवढे आवर्जून पाहावे. सराव घरीच करता येतो. जास्वंद, पळस किंवा पांगाऱ्यावरच्या जांभळ्या शिंजिराचे दाखवण्याजोगे छायाचित्र ज्याला मिळते, त्याचा हात हमिंगबर्डसाठी निम्मा तयार झालेला असतो.

६. शटर १/४००० सेकंद ठेवूनही पंख धूसर का येतात?

कारण त्या वेळातही पंखाचे टोक बरेच अंतर कापते. सर्वांत मोठ्या जायंट हमिंगबर्डचे पंख सेकंदाला १२ ते १५ वेळा हलतात, मध्यम आकाराच्या जातींचे साधारण २० ते ३० वेळा, आणि वुडस्टारसारख्या चिमुकल्या जातींचे त्याच्या दुपटीहून अधिक. परंतु प्रत्येक फटकाऱ्याच्या दोन्ही टोकांना, जेथे पंखाची दिशा उलटते, तेथे तो क्षणभर जवळजवळ थांबतो. म्हणून सलग घेतलेल्या वीस फ्रेममध्ये दोन-तीन फ्रेम अशा निघतात की पंखाचे प्रत्येक पीस मोजता येते. नैसर्गिक उजेडात काम करताना १/२००० ते १/४००० सेकंद आणि सलग छायाचित्रण एवढेच पुरेसे आहे. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) ३२०० झाला म्हणून बिचकू नये. सगळेच पंख गोठलेले असावेत असा आग्रह असेल, तर प्रश्न ७ पाहावा. धूसर पंख आणि तीक्ष्ण डोळा हेच मला मात्र खऱ्या पक्ष्याच्या अधिक जवळचे वाटते.

७. अनेक फ्लॅश लावून पंख गोठवण्याची पद्धत नेमकी काय आहे?

या पद्धतीत पंख शटर गोठवत नाही, फ्लॅशचा प्रकाश गोठवतो. साधा हातफ्लॅश पूर्ण शक्तीवर सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक वेळ पेटतो. तोच १/१६ शक्तीवर साधारण १/१०,००० सेकंद आणि १/६४ वर त्याहूनही कमी वेळ पेटतो. शक्ती कमी केली की प्रकाशही कमी पडतो, म्हणून एकाऐवजी चार-पाच फ्लॅश लावायचे आणि ते पक्ष्यापासून अर्ध्या मीटरच्या आसपास आणायचे. दोन समोरच्या बाजूंना, एक मागून किंवा खालून, एक पार्श्वभूमीवर, अशी मांडणी सर्वसाधारणपणे चालते.

कॅमेरा १/२०० सेकंद, लेन्सचे छिद्र एफ/११ ते एफ/१६, आयएसओ २०० ते ४०० असा ठेवावा. मग सगळे फ्लॅश बंद करून एक छायाचित्र घ्यावे. ते पूर्ण काळे आले पाहिजे. त्यात फुलाचा जरासा जरी आकार दिसत असेल, तर बाहेरचा उजेड शिरतो आहे आणि पंखांभोवती भुतासारखी दुहेरी कड येणार, हे निश्चित समजावे. उजेड असा बाद केल्यामुळे मागचे जंगलही काळे होते. म्हणूनच लोक मागे हिरव्या पानांचे छापील चित्र उभे करतात. असे चित्र वापरले असेल तर ते सांगावे.

दोन अपवाद पुष्कळांना नडतात. पहिला हाय-स्पीड सिंकचा: या पद्धतीत फ्लॅश एकदाच पेटण्याऐवजी अनेक लहान झोतांत पेटत राहतो, त्यामुळे पंख गोठण्याचा फायदाच निघून जातो. दुसरा स्टुडिओ फ्लॅशचा: त्यातील अनेक जुन्या बनावटींत शक्ती कमी केल्यावर झोत लहान होण्याऐवजी लांबतो. त्यामुळे "मोठा फ्लॅश म्हणजे चांगला" हा हिशेब येथे उलटतो.

या पद्धतीचा पाया क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी १९५० च्या दशकात घातला. ते ड्यू पाँट या रसायन कंपनीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी हॅरल्ड एजर्टन यांच्या अतिवेगवान फ्लॅश तंत्राचा वापर करून हमिंगबर्ड टिपले. चित्रे काढून ते थांबले नाहीत. पिसांवरचा रंग कोठून येतो याचा प्रकाशशास्त्रीय अभ्यासही त्यांनी सहकाऱ्यांसह केला, ज्याचा संबंध प्रश्न ९ शी आहे.

८. फ्लॅशमुळे पक्ष्याला इजा होते का?

दिवसा, कमी शक्तीचा फ्लॅश पडत असताना फीडरवरचे, म्हणजे साखरपाण्याच्या टांगलेल्या भांड्यावरचे पक्षी पिणे थांबवत नाहीत, हे तिकडच्या कोणत्याही लॉजवर तासभर बसले तरी दिसते. पण त्यावरून सरसकट परवाना मिळाला असे मानू नये. घरट्याजवळ, अंधार पडू लागल्यावर आणि विश्रांतीला बसलेल्या पक्ष्यावर फ्लॅश मुळीच वापरू नये. पक्षी फुलाजवळ येऊन वारंवार परत फिरत असेल, तर फ्लॅश दूर हलवावेत किंवा काढून टाकावेत. त्याला फुलाशी घालवलेला प्रत्येक सेकंद हिशेबात धरावा लागतो.

९. समोर झगमगणारा गळा छायाचित्रात काळा का येतो?

तो रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या सूक्ष्म तंतूंमध्ये हवेच्या पोकळ्या असलेल्या अतिपातळ चकत्यांचे थर असतात, आणि त्यांवरून परावर्तित झालेले प्रकाशकिरण ठरावीक कोनातच एकमेकांना बळ देतात. कोन चुकला की उरते ते मेलॅनिनचे काळेपण. गळ्याची पिसे बहुतेक जातींत समोरच्या बाजूला प्रकाश फेकतात, म्हणून पक्षी तुमच्याकडे वळला आणि उजेड तुमच्या पाठीमागून येत असला तरच गळा पेटतो. बाजूने टिपलेले चित्र कितीही तीक्ष्ण असले तरी गळा काजळी दिसतो.

कोस्टा रिकाच्या तालामांका रांगेतला फायरी-थ्रोटेड हमिंगबर्ड या बाबतीत विशेष अवघड आहे. फांदीवर बसलेला, बाजूने पाहिलेला तो साधा गडद हिरवा पक्षी असतो. पण समोरून आणि किंचित वरून पाहिले, तर तांबडा, नारिंगी, पिवळा आणि निळा असे पट्टे एकाच गळ्यावर उमटतात. म्हणून त्याच्यासाठी फुलाच्या पातळीच्या थोडे वर बसावे. फ्लॅश वापरत असाल तर एक तरी लेन्सच्या अक्षाजवळ ठेवावा, नाहीतर प्रश्न ७ मधील सगळी मांडणी करूनही गळा काळाच राहील.

१०. फीडरमध्ये काय भरतात? मध किंवा लाल रंग चालेल का?

एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी, एवढेच. मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी धरते. लाल रंगाची काहीच गरज नाही. फीडरचा एखादा भाग लाल असला तरी पक्षी येतात, आणि नसला तरी एकदा जागा कळल्यावर येतातच. उष्ण हवेत पाणी रोज किंवा एक दिवसाआड बदलून भांडे घासून धुवावे.

११. फीडरवर काढलेले छायाचित्र "रानातले" म्हणावे का? फुलात साखरपाणी सोडून काढलेले?

पक्षी मुक्त आहे, त्यामुळे चित्र रानातल्या पक्ष्याचे आहे. मात्र ते त्याच्या नैसर्गिक वर्तनाचे असेलच असे नाही, आणि हा फरक मथळ्यात लपवू नये. लॉजवर अनेकदा फीडर काढून त्या जागी एक फूल टांगतात आणि त्यात पिचकारीने साखरपाणी सोडतात. चित्र सुरेख येते. पण ते फूल त्या जातीचा पक्षी एरवी पीत असेलच असे नाही, आणि उद्या कोणी त्या चित्रावरून "ही जात या फुलाचे परागीभवन करते" अशी नोंद केली, तर चुकीची माहिती तुमच्या नावावर पसरेल. म्हणून फीडर, सोडलेले साखरपाणी, आणून टांगलेले फूल, छापील पार्श्वभूमी यांपैकी जे असेल ते चित्राखाली लिहावे. स्पर्धांचे नियम वेगवेगळे असतात, पण हे लिहिल्याने कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही.

१२. मग फीडरशिवाय, खऱ्या फुलावर पक्षी कसा मिळवायचा?

बसून. आणि घड्याळ पाहून. या प्रश्नाला मी मुद्दाम सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण छायाचित्र आणि अभ्यास यांची गाठ येथेच पडते.

फुलांशी वागण्याच्या दृष्टीने हमिंगबर्डचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही जाती फुलांनी लगडलेले एखादे झुडूप ताब्यात घेतात आणि दुसऱ्या कोणालाही फिरकू देत नाहीत. कोस्टा रिकापासून इक्वाडोरपर्यंत सर्वत्र आढळणारा रूफस-टेल्ड हमिंगबर्ड हा त्यातला नमुनेदार दादा. असा पक्षी पाळत ठेवायला तीच ती फांदी वापरतो, म्हणून ती फांदी शोधून तिच्यावर फोकस लावून ठेवला की काम सोपे होते.

दुसरा प्रकार हर्मिट गटातल्या जातींचा. त्या कोणतेही झुडूप राखत नाहीत; रतीब घालणाऱ्या दूधवाल्यासारख्या दूरदूर विखुरलेल्या फुलांची ठरलेली फेरी करतात. लाँग-बिल्ड हर्मिट हेलिकोनिया या केळीसारख्या पानांच्या झाडाच्या एका झुपक्याशी येतो, लालसर होडीसारख्या छदांमधून (फुलांभोवतीच्या रंगीत पानांमधून) डोकावणाऱ्या प्रत्येक उघड्या फुलात वाकडी चोच खुपसतो, शेपटीची दोन लांब पांढरी पिसे त्या वेळी खालीवर हलत असतात, आणि दुसऱ्या क्षणी तो निघून गेलेला असतो. नवखा माणूस तेथे कंटाळून उठतो. उठू नये, वेळ लिहावी. दुसरी फेरी झाली की पुन्हा लिहावी. तीन-चार नोंदींनंतर दोन फेऱ्यांमधले अंतर साधारण किती आहे ते कळते, आणि पुढच्या फेरीच्या आधी तुम्ही कॅमेरा सज्ज करून स्थिर बसू शकता. हेलिकोनियाचे एकेक फूल सहसा एकच दिवस टिकते, त्यामुळे कालचे फूल आज उपयोगाचे नसते. सकाळी लवकर जाऊन आज कोणते उमलले आहे ते पाहावे आणि कॅमेरा त्याच्या बाजूने, चोचेच्या वाटेला काटकोनात लावावा.

फुलाच्या बुंध्याशी बारीक भोक दिसले, तर तेही टिपून ठेवावे. फ्लॉवरपिअर्सर नावाचे आकड्यासारख्या चोचीचे पक्षी फुलाला बाजूने छेद देऊन मकरंद चोरतात आणि आखूड चोचीचे काही हमिंगबर्ड त्याच भोकाचा फायदा घेतात. म्हणजे फुलावर पक्षी दिसला की तो परागीभवन करतोच असे नाही. चोच कोठून आत गेली हे छायाचित्रात दिसले पाहिजे.

१३. मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या निरीक्षणांचा अभ्यासाला काही उपयोग होतो का?

होतो, पण चित्राबरोबर नोंद असेल तरच. तारीख, वेळ, ठिकाण, उंची, जात, लिंग ओळखता आले तर ते, कोणते फूल, किती फुलांना भेट दिली, कोणी कोणाला हाकलले: एवढे लिहिले की चित्राची किंमत वाढते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेच्या ईबर्ड या नोंदकोशात अशी यादी छायाचित्रांसह देता येते. पक्षी ओळखू आला आणि फूल ओळखू आले नाही, हे सर्रास घडते. अशा वेळी पान, देठ आणि संपूर्ण फुलोरा यांची वेगवेगळी चित्रे घ्यावीत.

केवळ चोच आणि फूल यांच्या निरीक्षणातून काय निघू शकते, याचे उत्तम उदाहरण कॅरिबियन बेटांवरचे आहे. पर्पल-थ्रोटेड कॅरिब या जातीत मादीची चोच नराच्या चोचीहून लांब आणि अधिक वाकडी असते. ईथन टेमेलीस आणि जॉन क्रेस यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की नर ज्या हेलिकोनियावर जातो तिची फुले आखूड आणि मादी जिच्यावर जाते तिची फुले लांब व वाकडी असतात. म्हणजे एकाच जातीचे नर आणि मादी दोन वेगळ्या फुलांशी जुळलेले आहेत.

चोचीच्या बुडाचे चित्र मोठे करून पाहिले, तर कधी कधी नाकपुडीजवळ धूलिकणासारखे ठिपके दिसतात. ते फुलांवर राहणारे कोळीवर्गीय माइट असतात. पक्षी फुलात चोच घालतो तेवढ्या वेळात ते चोचीवरून धावत नाकपुडीत शिरतात आणि पुढच्या फुलाशी उतरतात. रॉबर्ट कॉलवेल यांनी या प्रवाशांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. तेव्हा असे ठिपके संगणकावर पुसून टाकण्यापूर्वी एकदा नीट पाहावेत.

१४. जात आणि लिंग ओळखताना सर्वाधिक गफलत कोठे होते?

माद्यांमध्ये. नराचा रंग लक्षात राहतो, पण हिरव्या पाठीच्या आणि ठिपकेदार पोटाच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात. रंगाआधी चोचीची लांबी आणि वाक, शेपटीच्या टोकांचा पांढरा रंग, डोळ्यामागचा ठिपका हे पाहावे आणि शेपटी पसरलेली असतानाचे एक तरी चित्र घ्यावे. वागण्याचाही उपयोग होतो: बफ-टेल्ड कॉरोनेट बसल्याबरोबर क्षणभर दोन्ही पंख वर उभे धरतो आणि आतली तांबूस बाजू दाखवतो; एवढ्यावरून त्याचा गट लांबूनही ओळखता येतो.

अपवाद मात्र चकवणारा आहे. व्हाइट-नेक्ड जॅकोबिनमध्ये निळे डोके आणि पांढरे पोट म्हणजे नर, असे पुस्तकात वाचून आपण निर्धास्त असतो. पनामात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की सुमारे पाचपैकी एक प्रौढ मादी हुबेहूब नरासारखी दिसते, आणि अशा माद्यांना फुलाशी इतरांचा त्रास कमी होतो. पिल्ले तर सगळीच नरासारखी असतात. म्हणून या जातीच्या चित्राखाली "नर" असे न लिहिता "नरासारखा पिसारा" असे लिहावे.

१५. मोबाइलच्या स्लो मोशन चित्रफितीचा उपयोग होतो का?

चांगला होतो. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रफितीत दहा फटकाऱ्यांना १०० फ्रेम लागल्या, तर पक्षी सेकंदाला २४ वेळा पंख मारतो, हे कागदावर मांडता येते. वुडस्टारसारख्या जातींसाठी मात्र ही गती अपुरी आहे. एका फटकाऱ्याला जेमतेम तीन-चार फ्रेम मिळतात. जिभेचे रहस्यही अशाच, पण कितीतरी अधिक वेगवान चित्रणातून उलगडले. हमिंगबर्डची जीभ केशनलिकेसारखा, म्हणजे ज्यात द्रव आपोआप चढतो अशा अतिबारीक नळीसारखा, मकरंद ओढते असे दीडशेहून अधिक वर्षे मानले जात होते. अलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी २०११ मध्ये दाखवले की जिभेची दुभंगलेली टोके मकरंदात उघडतात, बाहेर येताना मिटतात आणि द्रव अडकवून आणतात.

कॅमेऱ्यात निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर सावध राहावे. बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर वरून खाली टप्प्याटप्प्याने वाचला जातो, तेवढ्यात पंख हललेला असतो आणि चित्रात तो विचित्र वाकलेला दिसतो. पंखांच्या आकाराविषयी काही म्हणायचे असेल, तर अशी चित्रे पुरावा म्हणून धरू नयेत.

१६. अभ्यासासाठी जाळे लावून पक्षी पकडता येईल का?

परवानगी आणि प्रशिक्षण दोन्ही असल्याशिवाय नाही. हे काम त्या त्या देशाच्या शासकीय परवान्याखाली, अनुभवी माणसाच्या देखरेखीत चालते. दोन ते दहा ग्रॅमच्या बहुतेक जातींना जाळ्यात काही मिनिटे जास्त अडकणेही महागात पडते. म्हणून जाळे सतत नजरेखाली ठेवतात, मापे झटपट घेतात आणि सोडण्यापूर्वी साखरपाणी पाजतात. हे शिकायची इच्छा असेल, तर संशोधन केंद्रांवरील प्रकल्पांत स्वयंसेवक म्हणून जावे.

१७. घरटे सापडले तर?

दुरून, लांब लेन्सने, थोडा वेळ पाहावे आणि निघावे. घरटे कोळ्याच्या जाळ्याने विणलेले आणि बाहेरून दगडफुलाने मढवलेले असते, त्यात सहसा दोन पांढरी अंडी असतात आणि सारा भार एकट्या मादीवर असतो. चित्रात अडथळा येतो म्हणून समोरचे पान कापणे हा गुन्हाच समजावा. त्या पानानेच ऊन, पाऊस आणि शिकारी पक्ष्याची नजर अडवलेली असते. जागा कोणालाही कळवू नये आणि चित्र टाकताना त्यातील स्थाननोंद काढून टाकावी.

१८. ध्वनिफीत वाजवून पक्षी बोलावणे योग्य आहे का?

माझे उत्तर नाही असे आहे, आणि हर्मिटच्या बाबतीत तर ठामपणे नाही. लाँग-बिल्ड हर्मिटचे नर जंगलातल्या ठरावीक जागी जमून तासन्‌तास गातात आणि माद्या तेथे येऊन निवड करतात. कोस्टा रिकातील ला सेल्वाच्या अशा जागांवर केलेल्या अभ्यासात, २०१५ मध्ये, प्रौढ नरांच्या चोचीचे टोक माद्यांपेक्षा अधिक टोकदार असल्याचे आणि भांडणात ते भोसकायला वापरले जात असल्याचे दिसून आले. तेथे खोट्या प्रतिस्पर्ध्याचा आवाज वाजवणे म्हणजे त्या नराला लढाईला उतरवणे. गाणे तर तो आपणहून गातोच आहे. थोडे अंतर ठेवून बसलात, तर ध्वनिमुद्रणही मिळते.

१९. पहाटे फांदीवर एक हमिंगबर्ड डोळे मिटून निश्चल दिसला. दुसरा तर उलटा लटकला होता. मदत करावी का?

हात लावू नये. रात्री ऊर्जा वाचवण्यासाठी अनेक हमिंगबर्ड ग्लानीत जातात. शरीराचे तापमान आणि हृदयाची गती खूप उतरते. पेरूच्या अँडीजमधील ब्लॅक मेटलटेल या जातीत हे तापमान ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. एरवी ते ४० च्या आसपास असते. जागे होताना पक्षी थरथरून अंग तापवतो आणि त्याला अर्धा तासही लागू शकतो. या अवस्थेत त्याला उडता येत नाही, त्यामुळे जवळ जाऊन फ्लॅशने छायाचित्र घेणेही टाळावे. खिडकीच्या काचेवर आपटून जमिनीवर पडलेला पक्षी ही मात्र वेगळी बाब आहे: त्याला हवेशीर खोक्यात, सावलीत, शांत ठेवावे, लॉजच्या माणसांना कळवावे आणि शुद्धीवर आल्यावर मोकळे सोडावे.

२०. जमिनीवर पडलेले पीस किंवा रिकामे घरटे आठवण म्हणून आणता येईल का?

नाही. संपूर्ण हमिंगबर्ड कुळ साइट्स या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहे, आणि हा नियम जिवंत पक्ष्याइतकाच त्याच्या अवयवांना, म्हणजे पिसांनाही लागू होतो. भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातही २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली आहे, त्यामुळे अडचण केवळ तिकडच्या विमानतळावर येईल असे नाही. संशोधनासाठी पीस खरोखर हवे असेल, तर दोन्ही देशांची कागदपत्रे त्या संस्थेमार्फत करावी लागतात आणि त्यात महिने जातात. पीस सापडलेच, तर शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, एकदा तिरका उजेड पाडून पुन्हा घ्यावे, ठिकाण लिहावे आणि पीस तेथेच ठेवून यावे.